ब्रेसलेट घसरतं, फिरतं की रुततं? कड्या कापून घेण्याआधी हे तपासा

ठाण्यात नौपाड्याच्या एका गल्लीत मी दागिने दुरुस्तीचं काम करते. मंगळसूत्र गाठवणं, मोती ओवणं, लॉक बदलणं, कड्या काढणं-घालणं हे रोजचंच. त्यात ब्रेसलेट आणि बांगड्यांच्या मापाची तक्रार इतकी ठरलेली आहे की समोरच्याने काउंटरवर हात ठेवला की काय बिनसलंय याचा अर्धा अंदाज येतो. बहुतेक मंडळी घरूनच ठरवून येतात: "ताई, दोन कड्या काढून टाका." मी लगेच पक्कड उचलत नाही. काढलेली कडी परत बसवायची तर पुन्हा मजुरी पडते, सोन्याची असेल तर थोडी घटही जाते. आणि मूळ दोष लांबीत नसेल तर ब्रेसलेट घट्टही होतं आणि तसंच फिरतही राहतं.

तपासण्या फुकटापासून महागापर्यंत अशा क्रमाने दिल्या आहेत. नवीन घ्यायला निघाला असाल तर यातल्या पहिल्या चार-पाच दुकानात उभ्या उभ्या करून घ्या, म्हणजे माझ्याकडे यायची वेळ येणार नाही.

लक्षणं

- हात खाली सोडला की ब्रेसलेट तळहाताच्या मुळाशी येऊन आदळतं, लॅपटॉपवर काम करताना कडेला घासतं.
- नक्षी किंवा खडा सारखा खाली जातो आणि लॉक वर येतं.
- सकाळी घातलं तेव्हा छान, संध्याकाळी घरी येईपर्यंत मनगटावर वळ.
- हात सरळ असताना ठीक, मनगट वाकवलं की ताणतं. कधी लॉक आपोआप सुटतं.
- मनगट मोजून ब्रेसलेट मागवलं, तरी बसत नाही.
- बांगडी किंवा कडं जातं पण निघत नाही. उलट प्रकार म्हणजे हाताला साबण लागला की गळून पडतं.
- ओढणीत, स्वेटरमध्ये, बॅगेच्या पट्ट्यात अडकतं.

आधी एक गोष्ट ठरवा: उघडतं की मुठीवरून चढतं?

लॉक उघडून घालायच्या दागिन्याला मनगटाचं माप लागतं. बांगडी, पाटली, न उघडणारं कडं यांना मुठीचं माप लागतं, म्हणजे अंगठा आत दुमडून हात निमुळता केल्यावर बोटांच्या सांध्यांपाशी जो सगळ्यात रुंद घेर येतो तो. ही दोन मापं एकमेकांवरून काढता येत नाहीत. बारीक मनगट आणि रुंद पंजा असलेल्या बायका कितीतरी असतात. त्यांना पंजातून जाणारी बांगडी मनगटावर सैल दिसणारच, तो बांगडीचा दोष नाही. अशांनी उघडणारी, पेचाची बांगडी घ्यावी. नाहीतर सैलपणा मान्य करून दोन-चार बांगड्या एकत्र घालाव्यात, एकमेकींना धरून राहतात.

तपासणी १: हाडाच्या कुठल्या बाजूला बसतंय?

खर्च शून्य. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला, करंगळीच्या रेषेत, एक टेंगळासारखं हाड वर आलेलं असतं. ब्रेसलेट त्या हाडाच्या पंजाकडच्या बाजूला बसवायचं की कोपराकडच्या, हे ठरवून माप घ्यावं लागतं. हाडावर घेतलेलं माप दोन्हींपेक्षा मोठं येतं. तेवढं ब्रेसलेट घेतलं की ते हाड सहज ओलांडतं, मग दिवसभर इकडून तिकडे जा-ये करतं आणि आपण म्हणतो घसरतंय. पंजाकडच्या बाजूला बसणारं नाजूक ब्रेसलेट हाड ओलांडून मागे जाऊ नये इतकंच सैल असावं. कोपराकडे बसवायचं असेल तर ते हाडावरून पुढे उतरता कामा नये.

त्याच हातात घड्याळ असेल तर ही जागा घड्याळाने आधीच घेतलेली असते. ब्रेसलेट दुसऱ्या हातात घालून एक दिवस बघा. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात, आणि घड्याळाच्या काचेवरचे ओरखडेही थांबतात.

तपासणी २: माप कधी घेतलं?

आपल्याकडची हवा दमट. मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, हात खाली लोंबत राहिला की पाणी बोटांकडे-मनगटाकडे उतरतं, आणि संध्याकाळी तेच मनगट सकाळपेक्षा जाड भरतं. ऐरोली-महापेला दिवसभर एसीत बसणाऱ्यांना हे ऑफिसात जाणवत नाही. गर्दीच्या गाडीतून ठाण्याला उतरून चालायला लागलं की जाणवतं. एसी शोरूममध्ये सकाळी अकराला घालून बघितलेलं ब्रेसलेट म्हणूनच घरी आल्यावर रुततं.

माप संध्याकाळी घ्या, बाहेरून चालून आल्यावर. आणि ज्या हातात घालायचं त्याच हाताचं घ्या. रोज ज्या हाताने काम करता तो बहुधा थोडा जाड असतो.

उलट तक्रारही याच खात्यातली: पावसाळ्यात किंवा थंडीत "अचानक सैल झालं". ब्रेसलेट वाढत नाही. (इलास्टिकचं वाढतं, त्याचं पुढे सांगते.) असं असेल तर काही कापू नका, उन्हाळा येऊ द्या.

तपासणी ३: कागदाची पट्टी

दोऱ्याने माप घेऊ नका. दोरा ताणला जातो, तिरका बसतो, आणि पट्टीवर धरताना पुन्हा हलतो. शिंप्याची जुनी कापडी टेपही ताणून लांबलेली असू शकते, स्टीलच्या पट्टीशी पडताळून मगच वापरा. सगळ्यात बरा साधा कागद. जेवढं रुंद ब्रेसलेट तेवढ्याच रुंदीची पट्टी कापा, मनगटाला टेकवून गुंडाळा, जिथे कागदावर कागद येतो तिथे पेन्सिलने खूण करा, उलगडून मोजा. रुंदी तीच ठेवायचं कारण असं की मनगट नळीसारखं सरळ नसतं. बोटभर रुंद पट्टा त्याच मनगटावर बारीक साखळीपेक्षा जास्त घेर मागतो.

आलेल्या मापात अंगालगत बसायला साधारण १ सेंटीमीटर, रोजच्या वापराला दीड आणि लोंबतं आवडत असेल तर २ सेंटीमीटर वाढवा. दुकानात बायकांसाठी ७ इंच आणि पुरुषांसाठी ८ इंच ही तयार लांबी सर्रास मिळते. ७ इंच म्हणजे १७.८ सेंटीमीटर. मनगट १४.५ असेल तर ते तळहातावर येणारच, कितीही नामी कारागिराने केलेलं असो.

तपासणी ४: आतला घेर

इथे थोडं थांबते, कारण "मापाप्रमाणे मागवलं तरी घट्ट" याचं उत्तर इथे आहे. ब्रेसलेटची लांबी आडवं पसरून मोजतात. हाताला लागतो तो मात्र गोल केल्यावरचा आतला घेर, आणि जाडी जितकी जास्त तितका तो लांबीपेक्षा कमी भरतो. हिशेब सोपा आहे: जाडीला ३.१४ ने गुणा, तेवढं आतून कमी होतं. २ मिलिमीटर जाडीच्या साखळीत ६ मिलिमीटर जातात, कळतही नाही. ८ मिलिमीटरच्या मण्यांच्या माळेत २५ मिलिमीटर, म्हणजे चक्क अडीच सेंटीमीटर जातात.

समजा मनगट १५.५ सेंटीमीटर आहे आणि १ सेंटीमीटर मोकळीक हवी. आतला घेर १६.५ पाहिजे, त्यात मण्यांच्या जाडीचे अडीच मिळवले की माळ १९ सेंटीमीटरची ओवावी लागेल. ८ मिलिमीटरचे २४ मणी. प्रत्यक्षात त्वचा मण्यांच्या मधल्या खाचांत थोडी शिरते आणि इलास्टिकही ताण देतं, म्हणून मी आधी २३ ओवून हातात घालून बघते. पण १७ सेंटीमीटरची माळ मागवून "कंपनीने लहान पाठवली" म्हणण्यात अर्थ नाही.

घरात असलेल्या ब्रेसलेटचा आतला घेर असा काढा. ते बंद करून टेबलावर ठेवा. लग्नपत्रिकेसारखा जरा कडक कागद सुरळी करून आत घाला आणि सोडा. कागद आपोआप उलगडून ब्रेसलेटला आतून टेकतो. कागदावर कागद येतो तिथे खूण करा, बाहेर काढा, मोजा. नेहमी छान बसणाऱ्या ब्रेसलेटचा हा आकडा एकदा लिहून ठेवला की नवीन घेताना लांबीच्या भानगडीत पडायलाच नको. दुकानदारालाही सांगता येतं: आतून एवढं पाहिजे.

भेट द्यायची असेल आणि मनगट मोजायची सोय नसेल तर त्या व्यक्तीचं रोजचं घड्याळ नेहमीच्या भोकात अडकवून हीच सुरळी आत घाला. नवरेमंडळी एखादी जुनी बांगडी खिशात टाकून आणतात, त्यावरून ब्रेसलेटचं माप मिळत नाही. मूठ आणि मनगट वेगळं, वर सांगितलंच.

तपासणी ५: बोट, मूठ आणि टेबल

ब्रेसलेट घाला. आत करंगळी सहज सरकली तर ठीक. सरकतच नसेल तर घट्ट, दोन बोटं एकदम जात असतील तर सैल. मग मूठ घट्ट आवळा आणि मनगट पुढे-मागे वाकवा. मूठ आवळली की मनगटावरचे स्नायूबंध वर येतात आणि घेर वाढतो. त्या वेळी लॉकवर ताण येत असेल तर लॉक आज ना उद्या सुटणार. शेवटी हात टेबलावर टायपिंगच्या स्थितीत ठेवा. कडक, रुंद ब्रेसलेट इथे नापास होतात आणि दुकानात ही परीक्षा कोणी घेतच नाही.

नक्षी खाली जाते ती याच टप्प्यावर कळते. वजन एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला बारीक साखळी असली की जड बाजू खाली जाणार. अर्धा सेंटीमीटर कमी केल्याने थोडा फरक पडतो, तोही हलक्या नक्षीत. जड खड्याचं असेल तर कितीही कापा, फिरतच राहील. त्याला लंबगोल आकाराचं कडक ब्रेसलेट हेच उत्तर, कारण मनगट स्वतःच चपटं असतं आणि लंबगोल त्यावर अडून बसतो. पूर्ण गोल कडं चपट्या मनगटावर फिरणारच.

तपासणी ६: लॉक आणि कडी

लॉकजवळची कडी उजेडात धरून बघा. कडीच्या तोंडात केसाएवढी जरी फट असली तरी तीत ओढणीचा धागा शिरतो. "अडकतं" आणि "हरवलं" या दोन्हींचं मूळ ही फट. नकली दागिन्यात दोन बारीक पक्कडींनी कडीची टोकं पुढे-मागे सरकवून जुळवता येतात. टोकं बाजूला फाकवू नका, गोलाई बिघडते. लॉकच्या आकड्याची स्प्रिंग दाबून सोडा, तो चटकन मागे आला पाहिजे. रेंगाळत असेल तर लॉक बदला, तेल घालून फारसं साधत नाही. सोन्याच्या ब्रेसलेटला बारीक सेफ्टी चेन लावून घेतलीत तर लॉक सुटलं तरी वस्तू हातात राहते. रोज लोकलने जाणाऱ्यांना मी ती लावाच म्हणते.

तपासणी ७: न कापता जमतंय का?

साखळीच्या कड्या पुरेशा मोठ्या असतील तर लॉकचा आकडा शेवटच्या कडीऐवजी एक-दोन कड्या अलीकडे अडकवा आणि टोक लोंबतं ठेवा. आठवडाभर तसंच वापरा. बरं वाटलं तर मग कापायचा विचार करा. घट्ट होत असेल तर मागे जोडायची छोटी साखळी मिळते. जांभळी नाक्याच्या बाजारात नकली दागिन्यांचं सामान विकणाऱ्यांकडे सोनेरी-चंदेरी दोन्ही रंगांत असते आणि अगदी स्वस्त पडते. घेताना कड्या जोडलेल्या आहेत का बघा, नुसत्या वळवलेल्या नकोत.

इलास्टिकचं ब्रेसलेट सैल पडलं असेल तर गाठ पुन्हा आवळून उपयोग नाही. घाम, क्रीम आणि सतत ताणून घालणं यामुळे ते थकलेलं असतं, नवीन ओवा. ओवण्याआधी नवीन इलास्टिक हाताने दोन-तीनदा ताणून घ्या, नाहीतर महिनाभरात पुन्हा सैल. गाठीवर झटपट चिकटणारा गोंद ओतू नका. इलास्टिक तिथे कडक होतं आणि गोंद संपतो त्या कडेला तुटतं. आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकाच जागी तुटत असेल तर एखाद्या मण्याचं भोक आतून धारदार आहे. तो मणी शोधून बाजूला काढा.

बांगड्यांसाठी

बांगडीचं माप २-४, २-६, २-८ असं लिहितात. हा दशांश नव्हे. रुपयाचे सोळा आणे तसे इथे इंचाचे सोळा भाग. २-४ म्हणजे सव्वादोन इंच, २-८ म्हणजे अडीच. ऑनलाइन दुकानं तेच २.४, २.८, २.१० असं छापतात आणि घोळ होतो: २.१० हे २.८ पेक्षा लहान वाटतं, पण असतं मोठं. मिलिमीटरमध्ये आतला व्यास असा येतो: २-२ ला ५४, २-४ ला ५७, २-६ ला ६०, २-८ ला साडेत्रेसष्ट, २-१० ला साडेसहासष्टच्या जरा वर. एका मापाने व्यास फक्त ३ मिलिमीटर बदलतो, पण घेर १ सेंटीमीटरने बदलतो. म्हणून एकच माप चुकलं तरी इतकं जाणवतं.

जुनी बांगडी मोजताना आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा. बांगडी नसेल तर मुठीचा घेर भागिले ३.१४. घेर १९ सेंटीमीटर आला तर व्यास साडेसाठ मिलिमीटर, म्हणजे २-६. पाटली किंवा तोडा रुंद असेल तर एक माप वरचं घ्या, कारण रुंद दागिना सांध्यांवरून तिरका करून काढता येत नाही. काचेच्या बांगड्यांचं वेगळं. मुरलेला कासार हात दाबून-चोळून एक माप लहानही भरतो आणि ते मनगटावर सुंदर दिसतं, पण त्या उतरवताना तो शेजारी नसतो. डोहाळेजेवणाला भरायच्या बांगड्या तर मुद्दाम एक माप मोठ्या घ्याव्यात, शेवटच्या महिन्यांत हात सुजतात. बाळाच्या मनगट्यांत तुमच्या बोटाचं टोक सहज गेलं पाहिजे आणि दोरा दर काही दिवसांनी तपासला पाहिजे. मणी सुटला तर तो आधी तोंडात जातो.

इथे थांबा, कारागिराकडे जा

सोन्या-चांदीच्या कड्या काढणं-घालणं घरी नको. पोकळ कड्या पक्कडीत चेपतात आणि चेपलेली पोकळ कडी पूर्ववत होत नाही. मोती, पोवळं, मिना यांच्याजवळ आच लागली की ते कायमचे बिघडतात. लाखेवर मढवलेल्या बांगडीला तर आच दाखवूच नये, लाख वितळून बाहेर येते. तिचं माप वाढवून देतो म्हणणाऱ्याकडून बांगडी परत घ्या. भरीव कडं थोडंसं वाढवता येतं, नक्षी असेल तर ती ताणली जाते.

दुकानात देताना समोर वजन करून घ्या, काढलेल्या कड्या परत मागा, पुन्हा वजन करा. हॉलमार्क आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, कुठे आहे तेही बघा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क लागू असलेल्या सोन्याच्या दागिन्यावर दुकानात विकताना तो असावाच लागतो, आणि ब्रेसलेटमध्ये तो बहुधा लॉकजवळच्या पट्टीवर असतो. कापायचं तर ती बाजू सोडून.

आणि इथे डॉक्टरांकडे

अडकलेली बांगडी निघत नसेल तर हात पाच-दहा मिनिटं डोक्याच्या वर धरा, गार पाण्यात बुडवा, मग साबण किंवा तेल लावा. बांगडीवाल्यांची युक्तीही चालते: हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून बांगडी तिच्यावरून सरकवायची. पण हातावर जखम किंवा मोडल्याची शंका असेल, बोटं निळसर, पांढरी किंवा बधिर पडत असतील, सूज वाढत चालली असेल, तर यातलं काही करत बसू नका आणि माझ्यासारख्या कोणाकडेही येऊ नका, सरळ हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. तिथे दागिना कापायची सोय असते. सोनं कापायला जीव होत नाही म्हणून लोक तासन् तास थांबतात. कापलेलं कडं आम्ही परत जोडून देतो, फक्त दोन्ही तुकडे जपून आणा.